गिरणीवाल्याच्या नाकावरची चामखीळ

लेक यंदा इथे इंग्लंडमध्ये सेकंडरी शाळेत गेली. वय अकरा. परवा दप्तरातून एक वर्कशीट निघालं : 'मध्ययुगीन काव्याची वैशिष्ट्ये'. सहा मुद्दे, रिकाम्या जागा भरा. कवी कोण, तर चॉसर! डोकंच फिरलं. नाकावरच्या चामखिळीवर लाल केसांचा झुपका मिरवणारा, डोक्याने धडक मारून दारं फोडणारा गिरणीवाला ज्या कवितेत आहे, ती पोरांना 'वैशिष्ट्यां'पासून शिकवायची?

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १३८७ च्या सुमारास जेफ्री चॉसरने 'कँटरबरी टेल्स' लिहायला घेतलं. लंडनला थेम्सपलीकडे सदर्कमध्ये टॅबर्ड नावाच्या सराईत एकोणतीस यात्रेकरू जमतात. निघालेत कँटरबरीला, तिथल्या आर्चबिशप थॉमस बेकेटच्या समाधीला. ११७० मध्ये तिथल्याच कॅथीड्रलमध्ये त्याचा खून झाला होता. सराईचा मालक म्हणतो, प्रत्येकाने जाताना दोन गोष्टी सांगायच्या, येताना दोन. ज्याची उत्तम, त्याला सगळ्यांच्या खर्चाने जेवण. म्हणजे शंभरावर गोष्टी व्हायच्या. १४०० मध्ये चॉसर गेला तेव्हा झाल्या होत्या २४, त्यातल्याही काही अर्धवट. (गृहपाठ अर्धा टाकूनही लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या मोठ्या चर्चमध्ये दफनाला जागा मिळते, हे लेकीला फारच आवडलं.)

माझं म्हणणं एवढंच, की आधी माणसं दाखवा. बाथची बाई घ्या. पाच नवरे झालेत, दातांत फट, कानाने जरा बहिरी, पायात लालभडक मोजे आणि रविवारी डोक्यावर दहा पौंड वजनाची वस्त्रं. प्रायोरेस, म्हणजे जोगिणींच्या मठाची प्रमुख, तोंडातला थेंब सांडू देत नाही आणि लाडक्या कुत्र्यांना भाजलेलं मांस चारते. शिकारीच्या नादी लागलेला साधू म्हणतो, मठात पोथ्यांवर डोकं का फोडू? चॉसर म्हणतो, बरोबर आहे तुझं! कुणाला नावं ठेवत नाही, नुसतं कौतुक करतो, आणि माणूस उघडा पडतो. बारा वर्षं लंडन बंदरात लोकरीच्या जकातीचे हिशेब पाहिलेला माणूस तो. त्याच्यासमोर कोण खोटं बोलत नसेल?

दुसरं, मूळ भाषा कानावर पडू द्या. सगळं सोप्या आधुनिक इंग्रजीत कशाला? 'नाइट' (knight, सरदार) या शब्दात आज मुके झालेले के आणि जीएच तेव्हा बोलत होते : क्निख्ट. मी लेकीला पहिली ओळ देवनागरीत लिहून दिली, 'व्हान दॅट आप्रिल विथ हिस शूरेस सोते', आणि म्हटलं, मराठी वाचतेस तशी वाच, एकही अक्षर गिळू नकोस. दोन दिवस घरात तेच चाललंय.

गोष्टींची निवड मात्र जपून. गिरणीवाल्याची चावट गोष्ट अकरा वर्षांच्या पोरांना मीही देणार नाही. पार्डनरची, म्हणजे पापांची माफीपत्रं विकणाऱ्याची, द्या. तीन दारुडे मृत्यूलाच ठार मारायला निघतात, झाडाखाली सोनं सापडतं. धाकटा दारू आणायला जातो आणि तीत विष कालवतो. परतल्यावर उरलेले दोघे त्याला मारतात आणि तीच दारू पितात. याच सांगाड्याची गोष्ट आपल्याकडे पाली जातकांत आहे, वेदब्भ जातक. तिथे चोर, खजिना आणि विष कालवलेला भात. हे सांगितल्यावर लेक म्हणाली, "म्हणजे चॉसरने कॉपी केली?" तासभर वाद रंगला. वर्कशीटवर या प्रश्नाला जागाच नव्हती.

आणि हो, चॉसर स्वतःही यात्रेकरूंत आहे. तो कविता म्हणायला लागतो, तर सराईवाला मध्येच थांबवतो : तुझ्या या भिकार यमकांची किंमत गुवाएवढीही नाही! वर्गात हे एकदा वाचा, मग बघा कोण पेंगतंय.

शेवटी मीच तिला गृहपाठ दिला. ओळखीच्या माणसावर दहा ओळी लिही, फक्त कौतुक करायचं, तक्रारीचा एक शब्द नको. तिने मला निवडलं. पहिली ओळ : 'माझी आई खूप शांत आहे. ती कधीच ओरडत नाही, फक्त माझं पूर्ण नाव घेते.'