एड अ‍ॅसनर, त्यांचे राजकारण आणि बंद पडलेली मालिका : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपल्या प्रतिक्रियेचा रोख स्पष्ट आहे. एड अ‍ॅसनर या अमेरिकन अभिनेत्यावरील लेखात मी त्यांना विनाकारण हुतात्मा ठरवले, नटाने आपल्या कामापुरते बोलावे हा साधा संकेत त्यांनी पाळला नाही आणि एल साल्वादोर या मध्य अमेरिकेतल्या देशातल्या यादवीबद्दल तोंड उघडून त्यांनी ‘लू ग्रँट’ ही चालती मालिका बुडवली, ज्याची किंमत सोबतच्या कलाकारांनी आणि तंत्रज्ञांनी मोजली, असे आपण लिहिले आहे. यातला शेवटचा मुद्दा गंभीर आहे आणि त्याकडे मी येणार आहेच. परंतु अ‍ॅसनर यांचा अभिनय आणि त्यांचे राजकारण एकमेकांपासून सोडवून पाहता येतात, या आपल्या गृहीतकाशीच माझा मूळ मतभेद आहे.

अ‍ॅसनर यांचा जन्म 1929 चा, कॅन्सस सिटीतल्या ऑर्थोडॉक्स ज्यू कुटुंबातला. वडील भंगार आणि जुन्या सामानाचा व्यवसाय करत. शिकागो विद्यापीठातले शिक्षण अर्धवट सुटल्यावर त्यांनी जनरल मोटर्सच्या कारखान्यात मोटारींच्या जुळणीचे काम केले, पुढे लष्करात नोकरी केली आणि मग शिकागोच्या रंगभूमीवरून ते टेलिव्हिजनकडे वळले. 1970 मध्ये, वयाच्या चाळिशीत, त्यांना लू ग्रँट हा वृत्तविभागाचा खडूस प्रमुख सापडला. सात वर्षांनी तेच पात्र विनोदी मालिकेतून उचलून वृत्तपत्रसृष्टीवरच्या ‘लू ग्रँट’ याच नावाच्या गंभीर मालिकेत नेले गेले आणि दोन्हींसाठी त्यांना एमी हे टेलिव्हिजनचे पुरस्कार मिळाले. त्यांच्या अभिनयाबद्दल आपलीही तक्रार नाही, म्हणून हा भाग एवढ्यावरच सोडतो.

1980 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतले चित्रपट आणि टेलिव्हिजनचे कलाकार संपावर गेले. व्हिडिओ कॅसेट आणि सशुल्क वाहिन्यांमधून निर्मात्यांना जो नवा पैसा मिळू लागला होता त्यात कलाकारांचा वाटा असावा, ही मुख्य मागणी होती. अ‍ॅसनर या संपात ठळकपणे पुढे आले आणि 1981 मध्ये स्क्रीन अ‍ॅक्टर्स गिल्ड या कलाकारांच्या संघटनेचे अध्यक्ष म्हणून निवडून आले. याच पदावर 1960 च्या संपाच्या वेळी रोनाल्ड रीगन होते आणि कलाकारांचे निवृत्तिवेतन व आरोग्ययोजना हे त्याच संपाचे फलित. ते रीगन 1981 मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी संपावर गेलेल्या अकरा हजारांहून अधिक विमानवाहतूक नियंत्रकांना त्यांनी बडतर्फ केले. नटाने राजकारणापासून दूर राहावे हा संकेत आपण म्हणता तसा खरोखरच अस्तित्वात असता, तर तो आधी त्या खुर्चीला लागू व्हायला हवा होता. अ‍ॅसनर यांच्या दृष्टीने कामगारांच्या बाजूने बोलणे हे अध्यक्षपदाचे कर्तव्य होते, आणि जुळणीच्या कामावर उभ्या राहिलेल्या माणसाला ते वेगळे शिकवावे लागत नाही.

आता एल साल्वादोरविषयी. फेब्रुवारी 1982 मध्ये वॉशिंग्टनला, परराष्ट्र खात्याच्या कार्यालयासमोर, अ‍ॅसनर आणि काही सहकलाकारांनी तिथल्या जनतेच्या वैद्यकीय मदतीसाठी पंचवीस हजार डॉलरची देणगी जाहीर केली. त्याच्या काही आठवडे आधी, जानेवारीच्या अखेरीस, अमेरिकेतल्या दोन मोठ्या दैनिकांनी एल मोसोते गावात लष्कराने केलेल्या हत्याकांडाच्या बातम्या छापल्या होत्या. रीगन सरकार त्या अमान्य करत होते आणि त्याच लष्कराला मदत पुरवत होते. पत्रकार परिषदेत एकाने विचारले, की मुक्त निवडणुकीतून तिथे कम्युनिस्ट सरकार आले तरी आपला पाठिंबा राहील का? अ‍ॅसनर यांनी पुढे मुलाखतींत सांगितले आहे, की आधी त्यांनी गुळमुळीत उत्तर दिले, पण इथपर्यंत येऊन खरे बोलायचे नसेल तर आलोच कशाला, असे वाटून ते त्या प्रश्नाकडे परतले. लोकांनी ते सरकार निवडले असेल तर ते त्यांना मिळालेच पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. आपण ज्याला आततायीपणा म्हणता तो एवढाच आहे. लोकशाहीवर विश्वास असलेल्या कोणालाही याहून वेगळे उत्तर प्रामाणिकपणे देता येईल, असे मला वाटत नाही.

त्यानंतर त्यांना ठार मारण्याच्या धमक्या आल्या, अभिनेते चार्ल्टन हेस्टन यांच्यासारखे गिल्डचे माजी अध्यक्ष त्यांच्याविरुद्ध उभे राहिले, किंबर्ली-क्लार्क या कंपनीने मालिकेचे प्रायोजकत्व काढून घेतले आणि मे महिन्यात सीबीएस या वाहिनीने मालिका बंद करत असल्याचे जाहीर केले. वाहिनीने प्रेक्षकसंख्येचे कारण दिले आणि ती घटली होती हे खरेच आहे. राजकारण हेच एकमेव कारण होते असे मूळ लेखातही मी म्हटलेले नाही. सहकाऱ्यांचा रोजगार गेला हेही खरे, आणि त्याचे दुःख कमी लेखण्याचा मला अधिकार नाही. मात्र त्या रोजगाराचा जाब आपण बोलणाऱ्याला विचारता आणि बोलण्याची शिक्षा म्हणून जाहिरात मागे घेणाऱ्यांना काहीच विचारत नाही, हे मला पटत नाही. शिवाय ज्या सहव्यावसायिकांचे त्यांनी नुकसान केले असे आपण म्हणता, त्यांच्याच संघटनेने 1983 मध्ये त्यांना पुन्हा अध्यक्ष निवडले.

त्यांचे प्रत्येक मत मला मान्य आहे असे मात्र समजू नये. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांबाबत अधिकृत तपास नाकारणाऱ्या गटांची त्यांनी केलेली पाठराखण मला अजिबात पटलेली नाही. निर्भीडपणा हा पुराव्याला पर्याय होऊ शकत नाही. तरीही या एका गोष्टीवरून सगळा माणूस मोडीत काढायला मी तयार नाही. आपल्याकडे पुष्कळांना ते ‘अप’ या 2009 च्या चित्रपटातल्या म्हाताऱ्याच्या आवाजामुळेच ठाऊक आहेत, पण त्यानंतरही ते स्वस्थ बसले नव्हते. कलाकारांच्या आरोग्ययोजनेने निवृत्तिवेतन घेणाऱ्या 65 वर्षांवरील सदस्यांचे पुनःप्रक्षेपणाचे मानधन पात्रतेसाठी धरायचे नाही असे ठरवले, तेव्हा डिसेंबर 2020 मध्ये, वयाच्या 91 व्या वर्षी, ते त्या निर्णयाविरुद्धच्या दाव्यात वादी झाले. ऑगस्ट 2021 मध्ये त्यांचे निधन झाले; त्या दाव्यात तडजोड झाली ती 2023 मध्ये.