ई-रीडर घेतला म्हणून पुस्तकं आपोआप लागत नाहीत

नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज गेल्या महिन्यात तीनदा आला. ‘जुनी पुस्तकं रद्दीत द्या, ई-रीडर घ्या. हजारो पुस्तकं मावतात, लावालाव नको, नाव टाकलं की पुस्तक हजर, आणि सगळं क्लाउडवर कायमचं सुरक्षित.’ माझ्याकडे अकराशेच्या वर ई-पुस्तकं आहेत आणि रीडरशिवाय माझा लोकलचा प्रवास होत नाही. म्हणूनच हा मेसेज वाचून कुणी कपाटं रिकामी करू नयेत, असं फार वाटतं.

मावण्याचं म्हणाल तर ते बरंचसं खरं आहे. निव्वळ मजकुराचं पुस्तक एखाद एमबीचं असतं आणि १६ जीबीत अशी हजारो बसतात. पण जुन्या मराठी ग्रंथांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ पन्नास-साठ एमबीच्या असतात, आणि सहा इंची पडद्यावर त्यांची अक्षरं मुंगीएवढी दिसतात. त्या टॅबवरच वाचाव्यात.

‘नाव टाकलं की पुस्तक हजर’ हा दावा मात्र मराठी वाचकाला सर्वांत जास्त फसवतो. शोध अक्षराला अक्षर जुळवतो. माझ्या यादीत एकच लेखक चार जण होऊन बसले होते: ‘पु. ल. देशपांडे’, मधली जागा गाळलेले ‘पु.ल. देशपांडे’, आडनाव आधी आलेले ‘देशपांडे, पु. ल.’ आणि रोमन लिपीतले पी. एल. एकाला शोधलं की बाकीचे तिघं गायब. स्कॅन म्हणजे तर नुसती चित्रं, त्यांत शोधायला मजकूरच नसतो. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधल्या फाइली डोळ्यांना मराठी दिसतात, पण आत रोमन अक्षरं असतात. युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, बदलल्याशिवाय त्यांतला एक शब्द सापडत नाही. खंडांचंही तेच. शीर्षकानं लावले की ‘खंड १०’ हा ‘खंड २’च्या आधी येऊन बसतो. सगळे रीडर मालिकेचा क्रमांक दाखवत नाहीत, म्हणून मी शीर्षकाआधीच ०१, ०२ घालते.

तेव्हा लावालाव करावीच लागते, फक्त ती रीडरवर करू नये. त्यासाठी संगणकावर चालणारं कॅलिबर हे फुकट सॉफ्टवेअर आहे. कोविद गोयल यांनी ते २००६ मध्ये सुरू केलं. लेखकाचं नाव एकदा ठरवलं की शंभर पुस्तकांवर ते एकदम बदलता येतं. मी दोन रविवार बसून सगळी नावं देवनागरीत, एका पद्धतीनं केली. एकच पथ्य पाळा: कॅलिबरच्या फोल्डरमध्ये शिरून फाइलींची नावं हातानं बदलू नका, त्याची नोंदवही बिघडते.

आणि अकराशेच्या अकराशे रीडरवर चढवू नका. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून चालू आहे. तिथून आपण एखाद-दोन पुस्तकं घरी आणतो, अख्खी मांडणी उचलून आणत नाही. माझं ग्रंथालय संगणकावर आहे आणि रीडरवर साठच पुस्तकं. कलेक्शनं, म्हणजे रीडरवरचे कप्पे, तीन: ‘चालू’, ‘पुढची’, ‘संदर्भ’. पूर्वी विषयवार चाळीस केली होती, तेव्हा वाचण्यापेक्षा कप्पे उघडण्यातच वेळ जायचा.

राहिला क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरून कंपनीकडे राहणारा साठा. ॲमेझॉननं २००९ मध्ये जॉर्ज ऑरवेलची विकलेली पुस्तकं हक्कांच्या वादापायी ग्राहकांच्या किंडल या ई-रीडरमधून परस्पर काढली होती. मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं तेव्हा वाचकांना पैसे परत मिळाले, पुस्तकं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये किंडलची पुस्तकं संगणकावर उतरवून केबलनं रीडरवर घालण्याची सोयही गेली. याला कायमचं कसं म्हणायचं?

गेल्या पावसाळ्यात ठाणे स्टेशनच्या पुलावर गर्दीत माझा रीडर हातातून निसटला आणि त्यानंतर सुरूच झाला नाही. नव्या रीडरवर क्लाउडमधून फक्त विकत घेतलेली पुस्तकं आली. केबलनं घातलेली तिथे कधी नव्हतीच. ती कॅलिबरच्या फोल्डरमधून अर्ध्या तासात परत आली, कारण त्या फोल्डरची एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर असते. गेल्या त्या माझ्या खुणा. केबलनं घातलेल्या पुस्तकांतली अधोरेखितं रीडरच्याच एका साध्या फाइलीत साठतात, आणि तिची प्रत मी कधी काढली नव्हती. आता दर महिन्याच्या एक तारखेला काढते.