ट्रान्सप्लांट होणाऱ्या मुलांना "काही सांगू नका" म्हणणारा तो मेसेज

"बोन मॅरो ट्रान्सप्लांट होणाऱ्या मुलांच्या आईबाबांनी नक्की वाचा" वाला मेसेज परत फिरतोय. (बोन मॅरो म्हणजे हाडांतला, रक्त तयार करणारा मगज; ट्रान्सप्लांटमध्ये त्याजागी डोनरच्या म्हणजे दात्याच्या पेशी देतात.) गेल्या वर्षी माझ्या ताईने तो वाचला आणि पाळलाही, म्हणून आता गप्प बसवत नाही.

पहिलंच वाक्य सगळ्यात घातक. मुलाला काही सांगू नका, लहान वयात कळत नाही आणि नंतर सगळं विसरतात. ताईने सहा वर्षांच्या भाचीला एवढंच सांगितलं की थोडे दिवस औषध घ्यायला जायचंय. ट्रान्सप्लांटच्या आधी जी जोरदार केमो देतात तिने दोनेक आठवड्यांनी केस गळायला लागले आणि एक दिवस चादर बदलताना नर्सला उशीखाली केसांचा पुंजका सापडला, नीट रबरबँड लावून ठेवलेला. का लपवलंस विचारलं तर म्हणाली, मी जोरात विंचरले म्हणून तुटले, आई ओरडेल. किती दिवस ती पोर हे मनात घेऊन झोपत होती देव जाणे. या वयात कोणी कारण सांगितलं नाही तर मुलं स्वतःच शोधतात आणि माझंच काहीतरी चुकलं इथे येऊन थांबतात.

आणि कळत नाही म्हणे! मायरा ब्लूबॉन्ड-लँग्नर या मानववंशशास्त्रज्ञ बाई अमेरिकेत ल्युकेमियाच्या मुलांमध्ये महिनोन्महिने वॉर्डात बसल्या, 3 ते 9 वर्षांची मुलं, 1978 मध्ये त्यावर पुस्तक आलं. कोणी सांगितलेलं नसताना मुलांना आपलं दुखणं किती मोठं आहे ते कळलेलं होतं, आणि आईबाबांना त्रास नको म्हणून ती काही माहीत नसल्यासारखी वागत होती. म्हणजे आपण लपवतो तेव्हा मूल आपल्याला सांभाळत असतं!

शेवटी तिथल्या समुपदेशक बाईंनी एका बाहुलीच्या छातीला नळी चिकटवून भाचीला सगळं समजावलं, यातून दादाच्या पेशी गेल्या, आता काउंट म्हणजे रक्तातल्या पेशींची संख्या वाढायची वाट बघायची. त्यानंतर ती रोज आधी बाहुलीचं ड्रेसिंग करायची, मगच स्वतःचं करू द्यायची.

आयसोलेशनमध्ये, म्हणजे संसर्ग टाळायला वेगळ्या खोलीत ठेवल्यावर, मुलाचं मन कायमचं खचतं हा दुसरा मुद्दा. अर्धा खरा आहे, मान्य करते. तोंड आलेलं असतं, गिळवत नाही, चिडचिड होते. पण "कायमचं" कुठून आणलं? सेंट ज्यूड या अमेरिकेतल्या मुलांच्या रुग्णालयाच्या 2002 च्या अभ्यासात मुलांचा त्रास ट्रान्सप्लांटनंतर साधारण आठवडाभराने सगळ्यात जास्त होता, मग भराभर उतरला आणि चार-पाच आठवड्यांत भरती होतानाच्या पातळीवर आला.

रडल्याने प्रतिकारशक्ती कमी होते? नाही. ती केमोने कमी होते. रडू द्या.

राहिला डोनर भावंडाच्या मणक्यातून मगज काढून त्याला पांगळं करतात हा मुद्दा. मणक्यातून नाही, कमरेच्या हाडातून मागच्या बाजूने, भूल देऊन काढतात. थोडे दिवस दुखतं आणि काढलेला मगज काही आठवड्यांत भरून येतो. भाचा दोन दिवसांत धावत होता. त्याचं दुखणं वेगळंच होतं. भाचीच्या अंगावर पुरळ आलं तेव्हा कोणीतरी फोनवर म्हणालं की डोनरच्या पेशी तिच्या शरीराशी भांडतायत, ते त्याने ऐकलं, आणि नऊ वर्षांच्या पोराने ठरवून टाकलं की मी तिच्याशी भांडायचो म्हणून माझं रक्तही भांडतंय. त्यालाही कोणी काही सांगितलं नव्हतं ना. डॉक्टरांनी त्याला समोर बसवून सांगितलं की पेशींना तुमची भांडणं माहीत नसतात, त्यांना फक्त नवीन घर अनोळखी वाटतंय आणि त्यावर औषध चालू आहे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मग मी तिला व्हिडिओ कॉल करू? दोन आठवडे तो टाळत होता.