गुरुजींना एआय शिकवायला निघालात? मग एवढं कराच

कोल्हापूर जिल्ह्यातल्या गुरुजी-बाईंना वर्गात एआय आणायला शिकवायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय? अभिनंदन. प्रशिक्षणाची तारीख जुलैतलीच धरा. रस्त्यावर कुठं पाणी आलंय ते फोनवर विचारत, भिजत माणूस गगनबावड्याहून हॉलपर्यंत पोचला की प्रश्न विचारायची त्याची हौस फिटलेली असते.

सुरुवात शाहू महाराजांपासून. १९१७ साली त्यांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोराला शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला, एवढं सांगून थेट ‘आज महाराज असते तर’ वर या. टाळी ठरलेली. हुकमाबरोबर त्यांनी पैशाचीही तरतूद केली होती, ते स्लाइडवर मावत नाही. राहू द्या.

प्रात्यक्षिकाला प्रश्न असा निवडा की उत्तर हॉलमध्ये कुणाला तपासता येऊ नये. अॅमेझॉनचं जंगल चालेल. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पुराची इशारा पातळी मात्र चुकूनही विचारू नका. नदीकाठचं चौथीतलं पोरगं झोपेतून उठवलं तरी सांगतं, ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका. त्याच्या घरच्या भिंतीवर २०१९ च्या पुराची रेघ अजून आहे. यंत्राचं काम पुढचा शोभेलसा शब्द जुळवायचं, तेव्हा ते एखादे वेळी ३४ फूटही सांगून जाईल, तेही इतक्या शुद्ध मराठीत की पोराला आपलंच चुकलं असं वाटावं. अशा वेळी तुम्ही यंत्राची बाजू घ्या. प्रोजेक्टर भाड्यानं आणलाय.

एखाद्या बाईंना सुचेलच, की मग पोरांनाच यंत्राची उत्तरं तपासायला लावू; पुस्तक काढा, आजोबांना विचारा, चूक सापडेल त्याला शाबासकी. हे जागीच थांबवा. पोरं तपासायला शिकली तर ते लिहायचं कुठं? अहवालात तसला रकानाच नाही. रकाना आहे तो जिओ-टॅग फोटोचा. तेव्हा सगळ्यांना मोबाईल हातात धरून उभं करा, मागच्या रांगेला ‘जरा हसा की ओ’ म्हणा.

आधारची दुरुस्ती, पोषण आहाराची रोजची नोंद, मतदार यादीचं काम, यातून वर्गावर जायचं कधी, असं कुणी कुरकुरलं तर एआयमुळं वेळ वाचतो म्हणून सांगा. वाचलेल्या वेळात भरायची नवी लिंक तुमच्याकडं तयार असेलच. दोनशिक्षकी शाळेचे गुरुजी रेंजचं विचारतील. त्यांना सर्टिफिकेट आधी द्या.

शेवटी कोपऱ्यातले एक सर हात वर करतील. चॅटजीपीटीच्या नियमात वय किमान तेरा लागतं, आमची पोरं नऊ वर्षांची. मग खातं कुणाच्या नावानं काढायचं? प्रश्न नीट ऐकून घ्या. मान डोलवा. मग दाराकडं बघून म्हणा, चहा आला वाटतं.