लाल गळ्याचा पाहुणा आणि पाणचट पाक

एप्रिलच्या शेवटी आमच्याकडे न्यू जर्सीला एकाच आठवड्यात दोन पाहुणे आले. एक म्हणजे सासूबाई, वाईहून, दोन बॅगा आणि कुरडयांचा डबा घेऊन. दुसरा लाल गळ्याचा हमिंगबर्ड, मध्य अमेरिकेतून, हात हलवत. वजन जेमतेम ३ ग्रॅम, म्हणजे चहात घालतो त्या चमचाभर साखरेपेक्षाही कमी. मी आदल्याच महिन्यात हौसेनं दूरचं जवळ आणणारी १००-४०० ची लेन्स घेतलेली, त्यामुळे यंदा याचा एक तरी फोटो फ्रेम करून हॉलमध्ये लावायचाच असं ठरवून बसले होते.

पहिली ठिणगी पाकावरून पडली. फीडरमध्ये, म्हणजे या पक्ष्यांसाठी बाहेर टांगतात त्या भोकांच्या भांड्यात, घालायचं पाणी म्हणजे एक वाटी साखर आणि चार वाट्या पाणी, बस. सासूबाईंनी चमच्यानं थेंब हातावर घेतला, दोन बोटांत धरून पाहिला आणि म्हणाल्या, "अगं याला तार कुठे आहे? इतकं पाणचट दारात आलेल्याला देतात का?" मग साखर वाईट, त्यापेक्षा गूळ घाल. गुळात लोह असतं, ते त्याला बाधतं म्हटलं. मग मध घाल. मध लवकर आंबतो, बुरशी धरतो. बरं, केशराच्या दोन काड्या तरी? नाही आई, रंगसुद्धा घालायचा नसतो, फीडर लाल आहे तेवढा पुरे. त्या गप्प बसल्या, पण चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की या घरात पाहुण्याचे हाल आहेत. फक्त एका गोष्टीवर आमचं एकमत झालं, ते म्हणजे मुंग्या. फीडरच्या वर पाण्याची एक छोटी वाटी लटकवतात, मुंगी ती ओलांडू शकत नाही. ते बघून म्हणाल्या, "हे काय नवीन, आम्ही लाडवांचा डबा परातीत पाणी घालून ठेवतोच की."

आता फोटो. तो पक्षी सेकंदाला साधारण ५० वेळा पंख मारतो, आणि मी ऑफिसच्या दोन मीटिंगांच्या मधे चहा घेऊन बसलेली बाई. शटरचा वेग सेकंदाचा १/२००० ठेवला तरी पंखांचं धुकंच येतं, वाढवत १/४००० वर नेला तर फोटो इतका काळा की पक्षी आहे का वटवाघूळ कळू नये, मग आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, वाढवा, की फोटोत रव्यासारखे दाणे. ऑटोफोकसला तर पक्ष्याशी काही देणंघेणंच नाही, तो फीडरच्या प्रेमात, माझ्याकडे एका प्लॅस्टिकच्या लाल फुलाचे सातशे अत्यंत शार्प फोटो आहेत. मग एक युक्ती केली, फीडरची बाकीची भोकं टेप लावून बंद केली, एकच उघडं ठेवलं, फोकस आधीच तिथे लावून ठेवला. पक्षी आला, बंद भोकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं (शपथ), आणि शेजारच्यांच्या फीडरवर गेला.

आणि आला तरी त्याचा तो लाल गळा! तो रंग म्हणे पिसात नसतोच, पिसांच्या रचनेवर उजेड पडून तो दिसतो. कोन जमला तर माणिक, नाही जमला तर तव्याचा बुडखा. माझ्या सगळ्या फोटोंत तव्याचा बुडखा.

सासूबाई मात्र शेजारी खुर्ची टाकून मेथी निवडत बसायच्या आणि कॉमेंट्री करायच्या. नर स्वतः दोन घोट पिणार आणि मग वाळक्या फांदीवर बसून दुसरा कोणी आला की त्याच्या अंगावर धावून जाणार, मादी आली तरी. "एकटा कितीसं पितोय, आणि रुबाब बघा, चाळीचा मालकच." एकदा त्यांनी लाल साडी नेसली होती तर स्वारी थेट त्यांच्या पदरासमोर येऊन हवेत थांबली, वीतभर अंतरावर, गळा पेटलेला, ऊन बरोबर. मी त्यांच्याच शेजारी. आणि माझ्या त्या महागड्या लेन्सला एक मीटरच्या आतलं दिसत नाही! मी खुर्चीसकट मागे सरकतेय, लेन्स घुर्रघुर्र करतेय, सासूबाई श्वास रोखून बसल्यात, मेथीची जुडी हातात. फोटोत पदराचा काठ आलाय. तोही हलला.

ऑगस्टच्या शेवटी मालक दिसेनासे झाले. त्यांच्यात नर आधी निघून जातात, माद्या आणि यंदाची पिल्लं मागून जातात. हे सांगितल्यावर सासूबाईंनी चौकशी केली, घरटं कोण बांधतं? मादी, कोळ्याची जाळी वापरून, अर्ध्या अक्रोडाएवढं. पिल्लांना कोण भरवतं? तीच. मग हा काय करतो? काहीच नाही. "तरीच मला तो पहिल्यापासून पटला नव्हता," म्हणाल्या आणि त्या दिवसापासून माद्यांसाठी पाणी त्या स्वतः उकळायला लागल्या, माझ्याच मापानं, पण प्रत्येक वेळी पुटपुटत. यातले बरेच पक्षी मेक्सिकोच्या आखातावरून ८०० किलोमीटर न थांबता उडतात हे कळल्यावर तर त्यांना रडूच यायचं बाकी होतं. "एवढा प्रवास, आणि बरोबर दशमी नाही की चटणी नाही." निघण्याआधी खाऊन खाऊन वजन जवळजवळ दुप्पट करतात म्हटल्यावर जरा जीव शांत झाला.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला शेवटची मादी गेली, त्यानंतर चार दिवसांनी सासूबाई. हॉलमधली फ्रेम अजून रिकामीच आहे, नवरा म्हणतो त्यात पदराचा काठ लाव.

परवा त्यांचा वाईहून व्हिडिओ कॉल आला. मागच्या अंगणात जास्वंदीवर शिंजीर, आपला फुलांतला मध पिणारा चिमुकला पक्षी, आलाय, काळा-जांभळा, उन्हात चमकतो.

"आणि हा गं फांदीवर नीट बसून पितो. बायको पण असते बरोबर."

"आई, फोटो काढलात का?"

"फोटो कशाला? रोजच तर येतो."