‘बोट ती बोट’ म्हणणाऱ्या वाचकास

आपली प्रतिक्रिया वाचली. ‘इंदूरकरांनी पोहे-जिलेबी खावी, वेकबोर्डिंगच्या गप्पा मारू नयेत’, ही सुरुवात कशाला हवी होती? मी आपल्या गावाचं नाव काढलेलं नाही. समुद्राजवळ राहिलं म्हणून कुणाला पाणी कळतं असंही नाही, पण ते असो.

वेकबोर्डिंग म्हणजे बोटीला बांधलेला दोर धरून, पायाखालच्या फळीवर पाण्यावरून घसरत जायचं. त्यासाठी इंदिरा सागर धरणाच्या जलाशयावर, हनुवंतियाला बोट ठरवण्याआधी काय काय विचारून घ्यावं, एवढ्यापुरता माझा लेख होता. त्यावर आपला शेरा: ‘बोट ती बोट. दोर बांधला की झालं. उगाच बाऊ.’

झालं? अहो, पर्यटकांना फिरवणाऱ्या स्पीडबोटीची दोराची कडी मागे, पाण्यालगत असते. वेकबोर्डच्या बोटीला दोरासाठी उंच टॉवर असतो. ओढ वरून लागते, म्हणून उडी मारणारा खाली खेचला जात नाही. शिवाय त्या बोटीत मुद्दाम पाणी भरून तिला जड करतात. ती मागून पाण्यात रुतून बसली की लाट उठते, आणि उडी त्या लाटेवरूनच घ्यायची असते. हलकी बोट सुळकन निघून जाते, मागे नुसता फेस. तिच्यामागे शिकता येतंच, नाही म्हणत नाही. पण मग चालवणाऱ्याला आधी बजावावं लागतं की वेग ताशी तीस किलोमीटरच्या आत ठेव आणि उचलताना हळू. नवख्याने पाण्यात गुडघे छातीशी घेऊन, हात सरळ ठेवून बसायचं असतं. उठवायचं काम बोटीचं. भैयाने एकदम थ्रॉटल दिला की हँडल हातातून सुटतं. माझं सुटलंय, तळव्याची सालं निघालीत. आणि बोटीत मागे तोंड करून बसणारा दुसरा माणूस लागतोच. चालवणाऱ्याने पुढे बघायचं की पडलेल्याकडे?

‘नेटवर वाचून लिहिता’ म्हणे. वडील इरिगेशनमध्ये ओव्हरसिअर होते, माझं लहानपण धरणाच्या कॉलनीत गेलं. पाणी उतरताना काठावरच्या खुणा वाचायला मी तिथे शिकलो. इंदिरा सागरच्या याच पाण्यात २००४ मध्ये हरसूद गाव बुडालं, जंगलही बुडालं. उन्हाळ्यात पातळी उतरते तेव्हा काही बुंधे वर दिसतात, त्यांना टाळता येतं. जे वीतभर पाण्याखाली राहतात त्यांच्यावर बोर्ड आदळला तर काय होतं, हे दोर बांधून मोकळं होणाऱ्यांनी सांगावं. म्हणून ‘आधी नुसती फेरी मारा, स्थानिक नावाड्याला जागा विचारा’ असं लिहिलं होतं. याला आपल्याकडे बाऊ म्हणतात वाटतं.

दर द्यायला हवे होते, हे मान्य. निदान भाडं तासाचं की फेरीचं आणि इंधन त्यात धरलंय का, हे विचारा असं तरी लिहायला हवं होतं.

‘एवढं लांब कशाला, यशवंत सागर आहे की!’ ते इंदूरजवळचं पक्ष्यांचं पाणी आहे, २०२२ पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे. तिथे मोटरबोट नाचवायची कल्पना आपल्यालाच लखलाभ. लेख लांबला असेल तर वाचू नका, सक्ती नाही.

हनुवंतियाला खरी वेकबोट भाड्याने मिळतच नाही, मग लेखाचा उपयोग काय, असं आपण शेवटी विचारलंय. तो वेगळा विषय आहे, आणि सूर असाच राहणार असेल तर मला त्यात शिरायचं नाही.