सिल्व्हियाची पत्रिका आणि आमचे काकाजी

सिल्व्हिया प्लाथची पत्रिका मी मांडली. जन्म २७ ऑक्टोबर १९३२, दुपारी २ वाजून १० मिनिटं, बॉस्टन, अमेरिका. वेळ नोंदलेली आहे, त्यामुळे लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, काढता येतं. कुंभ लग्न.

ज्यांना ती माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंग्रजीतली मोठी कवयित्री. आठवा वाढदिवस होऊन दहा दिवसही झाले नव्हते तेव्हा वडील गेले. विसाव्या वर्षी तिने जीव द्यायचा प्रयत्न केला, वाचली. फुलब्राइट शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेली, तिथे टेड ह्यूज हा इंग्रज कवी भेटला, १९५६ साली लग्न झालं. दोन लेकरं झाली, मग दोघं वेगळे राहू लागले. ११ फेब्रुवारी १९६३ ला लंडनमध्ये तिने आयुष्य संपवलं. वय ३०. तिचं नाव ज्या संग्रहाने झालं तो 'एरिअल' ती गेल्यावर, १९६५ साली आला. पुलित्झर पारितोषिक तर १९८२ साली मिळालं.

आता पत्रिका. रवी तुळेत, अकरा अंशांवर. तुळेत रवी नीचेचा, म्हणजे सगळ्यात दुबळा, आणि दहाव्या अंशावर परमनीच, म्हणजे दुबळेपणाचं टोक. तोही नवव्या घरात, जिथून कित्येक जण बाप बघतात. चंद्र कन्येत, म्हणजे आठव्या घरात, जिथून मरण बघतात, आणि अमावास्या दोन दिवसांवर आलेली, म्हणून क्षीण. (आपल्याकडे तेव्हा दिवाळी सुरू होती.) मंगळ कर्केच्या अगदी शेवटी, परमनीचाला टेकलेला. राहू लग्नात, केतू सप्तमात, म्हणजे जोडीदाराच्या घरात. लग्नेश, म्हणजे लग्नराशीचा मालक, शनी व्ययात, म्हणजे बाराव्या घरात. नक्षत्र हस्त, त्यामुळे विंशोत्तरीचा, म्हणजे ग्रहांच्या पाळ्यांचा, हिशोब केला की १९६३ च्या फेब्रुवारीत राहूची महादशा सरत आलेली, आत मंगळाची अंतर्दशा.

रवी बापाचा, चंद्र मनाचा. दोघंही पडलेले. ज्योतिष थोडंफार येणाऱ्या कुणालाही ही पत्रिका दाखवा आणि तिची गोष्ट सांगा. तो मान हलवून म्हणेल, दुसरं काय होणार होतं?

माझा राग त्या 'दुसरं काय होणार होतं' वर आहे.

आमचे काकाजी दारव्ह्याकडच्या आमच्या गावात पंचांग बघतात. लग्नाचे मुहूर्त, वास्तू, बारसं, हरवलेली म्हैस, सगळं त्यांच्याकडे येतं. पत्रिका मांडायला मी त्यांच्याकडूनच शिकले. तर मी ही कुंडली कागदावर काढली आणि नाव, गाव, साल काही न लिहिता त्यांच्यापुढे ठेवली. म्हटलं, काकाजी, मुलीची आहे, बघा जरा.

त्यांना वाटलं पुतण्यासाठी स्थळ आणलं. चष्मा पुसला.

"पोट्टी हुशार हाय. लग्नेश स्वगृही हाय, पण बाराव्यात, म्हणजे घर सोडून दूर जाईन. परदेशात बी जाईन. सप्तमात गुरू! नवरा विद्वान भेटते हिले, नाव असलेला. केतू हाय संगं, पण गुरूजवळ बसला का तोबी नरम होते."

"मंगळ आहे का काकाजी?"

"कायचा मंगळ? सहाव्यात हाय. नाई मंगळ हिले. नीचेचा दिसते, पण गुरू केंद्रात हाय ना, नीचभंग झाला, म्हणजे नीचपण गेलं. राजयोग म्हण त्याले."

"आणि रवी?"

"बापाशी पटणार नाई जरा. आठव्यातल्या चंद्रानं मन हळवं राहीन, सर्दी-पडशाचा तरास. लेकरंबाळं होईन. कुठचं स्थळ हाय वं? पुसदकडचं?"

हसू नका. ते जे बोलले त्यातलं पुष्कळ खरं निघालं. घर सोडून परदेशात गेली, शेवटी तिथेच राहिली. नवरा विद्वान आणि नाववाला, इतका की १९८४ मध्ये तो इंग्लंडचा राजकवी झाला. लेकरं झाली. राजयोग म्हणाल तर पुलित्झर आहेच. काकाजींचं भाकीत चुकलं असं मला म्हणायचंच नाही. त्याच कागदावरून, त्याच नियमांनी, एक भरलेलं आयुष्य वाचता येतं एवढंच मला बघायचं होतं, आणि ते दिसलं.

मग मी त्यांना ती कोण ते सांगितलं.

काकाजी चिडले. "तू मले मेलेल्या बाईची पत्रिका दाखवली व्हय वं? आधी नाई सांगाव?" आणि कागद माझ्या हातातून परत ओढला. मिनिटभर गेलं असेल. "हे पाय. अष्टमात चंद्र, अन् क्षीण. राहू लग्नातच बसला. नीचभंग म्हटलं मी, पण गुरूबी केतूनं बाटवला ना. अन् दशा पाय, राहूत मंगळ..."

कागद तोच. वाचणारा तोच. मधे फक्त शेवट कळला होता.

काकाजी लबाड नाहीत, हे त्यांना ओळखणारे मान्य करतील. शास्त्रात दोन्हींसाठी जागा आहे, म्हणून दोन्ही वाचता आलं. गोष्टीचा शेवट ठाऊक असला की माणूस मागे मागे जात त्या शेवटाला पुरतील एवढेच ग्रह उचलतो, बाकीचे तिथेच राहू देतो. पाश्चात्त्य ज्योतिषीही तेच करतात. त्यांचं राशिचक्र सायन, म्हणजे ऋतूंच्या हिशोबाचं, आपलं निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या हिशोबाचं. दोहोंतला फरक, म्हणजे अयनांश, तेव्हा जवळपास तेवीस अंशांचा होता. म्हणून त्यांच्याकडे तिचा रवी वृश्चिकेत, आपल्याकडे तुळेत. चंद्र त्यांच्याकडे तुळेत, आपल्याकडे कन्येत. ते वृश्चिकेतून मरणाची ओढ काढतात, आपण नीच रवीतून बापाचा वियोग काढतो. राशी वेगळ्या, निकाल मात्र एकच, कारण निकाल आधीच छापून आलेला असतो.

त्यांचा आणखी एक आवडता मुद्दा म्हणजे तिशीच्या सुमाराला शनी जन्मवेळच्या जागी परत येतो. येतो ना. साऱ्या जगाचा येतो. आमच्या गावात त्या वयात लोक ट्रॅक्टरचं कर्ज काढतात.

साडेसातीचं पण बघून घेऊ, कारण आपल्याकडे सगळ्याची गाडी तिथेच येऊन थांबते. कन्या राशीला १९५३ मध्ये साडेसाती होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिने पहिला प्रयत्न केला, म्हणजे जमलं. पण त्यात ती वाचली, आणि त्याच साडेसातीत तिला स्मिथ कॉलेजची शिष्यवृत्ती आणि नंतर फुलब्राइटही मिळाली. १९६३ मध्ये शनी मकरेत, साडेसाती नाही. तेव्हा ती गेली. मग म्हणायचं, साडेसाती नसली तरी राहू होता. हो, राहूची महादशा अठरा वर्षांची असते. तिने लिहिलेलं जवळजवळ सगळं त्याच अठरा वर्षांत आलं. मरण राहूचं आणि कविता कुणाच्या?

आता नवव्या घरातल्या त्या नीच रवीकडे येते, कारण खरी चीड तिथे आहे. तिचे वडील ओटो प्लाथ कीटकशास्त्रज्ञ, मधमाश्या आणि भुंग्यांवरचे तज्ज्ञ. तब्येत ढासळत गेली तेव्हा त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं की आपल्याला फुप्फुसाचा कॅन्सर आहे, आणि डॉक्टरकडे जायचंच टाळलं. प्रत्यक्षात होता मधुमेह. इन्शुलिन १९२१ सालीच सापडलं होतं, १९४० च्या अमेरिकेत मिळत होतं. पायाला जखम झाली, पाय कापावा लागला, आणि ते गेले. शिकलेला माणूस, शास्त्रज्ञ माणूस, साखर तपासून न घेतल्यामुळे गेला. यात रवी कुठे आला? आमच्याकडे तर अशी घरं गल्लीगल्लीत आहेत. अंगठा काळा पडेपर्यंत हळद लावतात आणि मग यवतमाळला नेतात.

तसाच तो शेवटचा हिवाळा. १९६२-६३ चा हिवाळा इंग्लंडच्या गेल्या शतकातल्या सगळ्यात कडक हिवाळ्यांपैकी एक. नळ गोठलेले. दोन लेकरं, मोठी तीन वर्षांचीही नाही, धाकटा एक वर्षाचा. घरात फोन नाही, फोन करायचा तर बाहेर बूथवर जायचं. डॉक्टरने नैराश्याची औषधं सुरू केली होती, दवाखान्यात खाट मिळवायची धडपड चालू होती. त्या सकाळी घरी नर्स येणार होती. यातली एकही गोष्ट कुंडलीत दिसत नाही. आणि यातली एखादी जरी वेगळी झाली असती तरी काकाजींचं पहिलं वाचन आज बरोबर ठरलं असतं, सप्तमातला गुरू सोडून.

टेड ह्यूजला ज्योतिषाचा भारी नाद होता. तो पत्रिका मांडायचा, तिलाही त्यात ओढायचा. १९९८ साली त्याने तिच्यावरच्या कवितांचा संग्रह काढला, त्यातही त्यांच्या भेटीवर ग्रहताऱ्यांची सावली आहे. नवराच नशिबाची भाषा बोलू लागला की नवऱ्याचं वागणं आपोआप मागे सरकतं. मी त्याला खलनायक करत नाही, ते काम जगाने भरपूर केलंय. पण एक गोष्ट नोंदवते. 'एरिअल'ची वही ती स्वतः क्रम लावून ठेवून गेली होती. तिच्या क्रमात पहिली कविता बाळाच्या जन्माची आणि शेवटची मधमाश्यांच्या हिवाळ्याची, जी वसंताच्या चाहुलीवर थांबते. १९६५ साली पुस्तक छापताना ह्यूजने काही कविता काढल्या, काही घातल्या, क्रम बदलला. छापील पुस्तक मरणाकडे चालत जातं. तिचा मूळ क्रम लोकांसमोर आला २००४ मध्ये, मुलीच्या प्रस्तावनेसह. म्हणजे जवळपास चाळीस वर्षं जगाने तिचं पुस्तक वाचलं ते काकाजींनी दुसऱ्यांदा कुंडली वाचली तसं.

आणि त्या मधमाश्या! १९६२ च्या उन्हाळ्यात डेव्हनच्या गावी राहत असताना तिने स्वतः पोळ्याची पेटी आणली. ऑक्टोबरमध्ये मधमाश्यांवर लागोपाठ कविता लिहिल्या. बाप ज्या विद्येचा जाणकार होता ती विद्या तिने हाताने परत मिळवली. बापाच्या वियोगाचं तिने काय केलं याचं उत्तर तिथे आहे. ते नवव्या घरात शोधणाऱ्याने त्या कविता वाचलेल्या नसतात, असा माझा अनुभव आहे.

बॉस्टनची बाई घेऊन दारव्ह्यात एवढं का लिहितेस, असं कुणी विचारेलच. कारण हे वाचन आपण रोज करतो. गावात कुणी शेतकऱ्याने जीव दिला की तेरवीपर्यंत दोन वाचनं तयार असतात. एक सरकारी, मदतीला पात्र की अपात्र. दुसरं घरचं, त्याचे ग्रहच तसे होते. २०१७ ला बोंडअळीने बोंडं पोखरली, सोसायटीचं थकलं, सावकाराचं वाढलं, माणूस महिनोन्‌महिने झोपला नव्हता, हे दोन्ही वाचनांत धड येत नाही. त्याच्या बायकोने 'हे बोलत नाहीत हो आताशा' म्हणून चार जणांना सांगितलेलं असतं, ते तर कुठेच येत नाही.

आणि पोरींचं तर विचारू नका. माझ्या ओळखीतली एक मुलगी, वहीभर कविता लिहिणारी. झोप उडाली, जेवण सुटलं, वर्गात नुसती बसायची. मेष रास, मग काय, साडेसाती. शनिवार धरले, शांत केली. शनीला राशिचक्र फिरायला साधारण तीस वर्षं लागतात, त्यातली साडेसात म्हणजे पाव. कोणत्याही दिवशी बारातल्या तीन राशी साडेसातीत असतात, म्हणजे गावातला साधारण चौथा माणूस. त्या सगळ्यांचं जेवण सुटत नाही, हे आईच्या लक्षात आलं म्हणून ती पोरीला घेऊन सरकारी दवाखान्यात गेली. गोळ्या सुरू आहेत. वही पण सुरू आहे. एवढ्यात लिहिलेल्यात एक कविता डवरणीवर, उभ्या पिकात डवरा चालवण्यावर आहे, मला फार आवडली.

बहिणाबाईंनी ज्योतिषाला दारातूनच परत पाठवलं होतं, ती कविता तुम्हा सगळ्यांना पाठ आहे, इथे टाकत नाही. मी मात्र तेवढी कडक नाही. काकाजींच्या ओसरीवर माणसं येतात ती काय फक्त ग्रह विचारायला येतात? कुंडलीच्या निमित्ताने सून सासूबद्दल बोलते, बाप पोराच्या दारूबद्दल बोलतो. दुसरीकडे कुठे बोलणार, मानसोपचाराचा डॉक्टर इथून किती लांब आहे ते सगळ्यांना माहीत आहे. जिवंत माणसाची पत्रिका बघताना काकाजी ऐकतात, विचारतात, समोरच्याच्या तोंडाकडे बघतात. 'बरं होईन' हे वाक्य त्यांच्या शास्त्रात कुठल्या श्लोकात आहे देव जाणे, पण ते प्रत्येकाला सांगतात. मेलेल्याला असं काही सांगता येत नाही. त्याला विचारताही येत नाही. मग उरतो तो नुसता निवाडा. म्हणून मेलेल्या कवयित्रींच्या पत्रिका वाचणं बंद करा, हे माझं स्पष्ट मत आहे. त्यांच्या कविता वाचा, त्यांना लागलेली थंडी वाचा, डॉक्टरची चिठ्ठी वाचा.

हे मी काकाजींनाही वाचून दाखवलं. बाकी सगळं त्यांना पटलं नाही. त्यांचं म्हणणं, गुरू-केतूचं त्यांनी आधीच सांगितलं होतं, मी नीट ऐकलं नाही. पण एक ते कबूल झाले आहेत. कुणी झोप नाही, जेवण नाही, जगावंसं वाटत नाही असं म्हणत आलं तर पंचांग उघडायच्या आधी १४४१६ लावायचा. टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलतात. मी तो त्यांच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून आले. तुमच्या घरात कुणाला गरज असेल तर तुम्हीही लावा. पत्रिका काय, नंतर सवडीने दाखवता येईल, काकाजी दक्षिणा मागत नाहीत आणि चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत.